तांडेलाचा हुंकार : मालवणातल्या आभासी होडीवरचं एक प्रकरण

जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर धो धो पाऊस, होड्या वर ओढलेल्या, आणि मालवणात किनाऱ्यालगतच्या एका सभागृहात आम्ही डोळ्यांवर लावायचे, आभासी जग दाखवणारे हेडसेट मांडून बसलो होतो. एरवी त्या खिडकीतून सिंधुदुर्ग किल्ला स्वच्छ दिसतो. त्या दिवशी पावसामागे तटाची नुसती काळसर रेघ दिसत होती. एकोणीस वर्षांचा एक खलाशी हेडसेट लावून आमच्या आभासी होडीत उभा होता. प्रसंग असा रचलेला : किनारा दिसत नाही, इंजिन बंद पडलंय, मागच्या बाजूने पाणी शिरतंय. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख; इथला तांडेल आम्ही घडवलेलं बोलतं पात्र. तो त्याला विचारतो, "काय झाला? सांग माका."

मुलगा सांगू लागला. पाणी कुठून येतंय, पंप का ओढत नाही, किती जण आहोत. बोलता बोलता थांबला. तांडेल त्याच्या डोळ्यांत बघत मंद हसत होता. मुलाने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळला, आणि शेवटी हेडसेट काढून बाकावर ठेवत म्हणाला, "ह्यो माझा आयकणाच नाय."

खरं तर तांडेलाने सगळं ऐकलं होतं. मुलाचं बोलणं आमच्या संगणकावर अक्षरात उतरलेलं होतं, दोन-तीन मालवणी शब्द सोडले तर बिनचूक. 'पाणी शिरतंय' हा अर्थही यंत्रणेने बरोबर धरला होता. पुढचा प्रश्नही योग्य तोच तयार होत होता. तरी त्या मुलाचं म्हणणं खरं होतं, आणि ते का खरं होतं हे समजून घेण्यात आमचा तो अख्खा पावसाळा गेला. तो पावसाळा इथे जमेल तितक्या तपशिलात मांडतो आहे.

होडी कशासाठी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जाळी विणणं, इंजिनं खोलणं, होड्यांना रंग-तेल, आणि मग नारळी पौर्णिमेची वाट बघणं. नवीन पोरांना काही शिकवायचं तर हेच दोन महिने. लाईफ जॅकेट घालणं, पंप हाताने मारणं, नांगर टाकून होडीचं तोंड लाटेला धरणं हे सगळं किनाऱ्यावरही शिकवता येतं. संकटाचा निरोप देणं मात्र शिकवता येत नाही. व्हीएचएफ रेडिओचा १६ नंबरचा चॅनेल, १५६.८ मेगाहर्ट्झ. तीनदा 'मेडे', मग होडीचं नाव, मग जागा, काय झालंय, किती माणसं आहेत. वर्गात फळ्यावर लिहून दिलं की पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. रात्रीच्या अंधारात पायाशी पाणी आलं की त्यातलं काहीच ओठावर येत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे मोबाईलवरून लावायचे नंबरसुद्धा आठवत नाहीत. भेदरलेला माणूस एका वाक्यात सगळं कोंबतो, किंवा गप्प होतो.

म्हणून हेडसेट, आणि म्हणून तांडेल. होडीवर पोराने आधी कुणाला तरी सांगायचं असतं, आणि तो 'कुणीतरी' तांडेल असतो. त्याला सांगताना गोष्ट डोक्यात लागते आणि मग रेडिओवर जाते.

ही कल्पना आमची नाही. नव्वदच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जेफ रिकेल आणि लुईस जॉन्सन यांनी 'स्टीव्ह' नावाचं पात्र घडवलं होतं. आभासी जहाजाच्या इंजिनघरात उभं राहून ते नौदलाच्या लोकांना उच्च दाबाचा कॉम्प्रेसर कसा चालवायचा हे दाखवायचं. त्याला धड होतं, डोकं होतं, हात होते. पाय नव्हतेच, हवेत तरंगत फिरायचं. तरी ते काम करायचं, कारण ज्या झडपेबद्दल बोलायचं त्या झडपेकडे ते बघायचं आणि शिकणारा काय करतो आहे याच्यावर लक्ष ठेवायचं. हा तपशील मला आधीपासून ठाऊक होता. त्याचं वजन मात्र मला उशिरा कळलं.

शब्दांचं एक सांगून पुढे जातो. माणूस स्वतः चालवतो ती आभासी आकृती म्हणजे अवतार, आणि यंत्र चालवतं ते संवादी पात्र. आमच्या होडीत खलाशाच्या अवताराचे फक्त दोन हात दिसायचे. तांडेल हे पात्र होतं. 'अवतार' हा आपला शब्द १९८६च्या सुमारास लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या खेळातून संगणकाच्या पडद्यावर रुळला. आपल्या सिंधुदुर्गात तो त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून दशावतारी खेळात रात्रभर देवळापुढे उभा राहत आलेला आहे, आणि पुढे आमची अडचण सुटली तीही तिथेच.

चुकीचं निदान

पहिल्या दिवसानंतर आम्ही ठरवून टाकलं की चेहरा कमी पडतोय. तांडेलाच्या चेहऱ्याला पन्नासेक हालचाली दिल्या होत्या : भुवया, पापण्या, गाल, ओठांचे कोपरे. त्या आणखी ठळक केल्या. हसू जास्त प्रेमळ केलं, मान जास्त वेळा हलवली, आश्वासक दिसावा म्हणून डोळे सतत मुलाच्या डोळ्यांवर खिळवले.

प्रकार आणखी बिघडला. एक मुलगा म्हणाला, "गावात भूत दाखवतत तसो वाटता." जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये लिहून ठेवलं होतं की कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की आपुलकी वाढते, पण अगदी जवळ पोचली की ती एकदम कोसळते आणि अंगावर काटा येतो. या कोसळण्याला त्यांनी 'दरी' म्हटलं. आम्ही त्या दरीकडे पाठ करून चालतोय असं समजत होतो आणि थेट तिच्यात उतरत होतो.

ओठांचीही भानगड होती. आमच्या साच्यात ओठांचे आकार इंग्रजी बोलण्यावरून घेतलेले. मराठीतला 'ळ' किंवा 'ण' ओठांवर दिसत नाही, तिथे निभावून गेलं. पण प, ब, म म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत, आणि आमचे तसे मिटत नव्हते. होडीवरचे शब्द बघा : पाणी, पंप, बोट, मालवण, मेडे. प्रत्येक शब्दाच्या तोंडाशीच तांडेलाचं तोंड उघडं. कान एक सांगतो आणि डोळा दुसरं, तेव्हा मेंदू तिसरंच ऐकतो, हे मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्येच दाखवून दिलं होतं. हे दुरुस्त करायला चार दिवस पुरले. त्याने भूत थोडं निवळलं, पण मुलांचं अडखळणं तसंच राहिलं.

काकांचं बोट

आमच्याबरोबर एक निवृत्त तांडेल असायचे. चाळीस वर्षं दर्या केलेला माणूस. पोरं त्यांना काका म्हणत, आम्हीही. त्यांनी हेडसेट फारसा लावला नाही. ते बाकावर बसून पडद्यावर पोरांची तोंडं बघायचे. एका दुपारी चित्रफीत बघताना त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हय थांबव."

मी थांबवलं. मुलगा म्हणत होता, "मागसून पाणी येता..." आणि 'येता'वर त्याचा आवाज खाली उतरून पाव सेकंदभर रेंगाळला होता.

"हय तेका कायतरी व्हया होता," काका म्हणाले. "हुंकार. आमी लहान आसताना आजी काणी सांगी. हुंकार देवक नाय तर ती गप रव्हायची. म्हणायची, भिंतीक सांगू काय?"

मी ती चित्रफीत तेवढ्या जागेवर पुन्हा पुन्हा चालवली. मुलगा 'येता' म्हणून नजर वर करतो, तांडेलाकडे बघतो. तांडेलाचं हसू जसंच्या तसं. मुलाचे ओठ किंचित आत ओढले जातात. पुढचं वाक्य तो "म्हणजे" ने सुरू करतो आणि तेच पुन्हा सांगतो. नंतर बाकीच्या मुलांच्या फिती काढून बघितल्या तर तीच जागा, तेच 'म्हणजे', तेच पुन्हा सांगणं.

हुंकार. शब्द आपल्याकडे किती जुना आहे, आणि आमच्या आराखड्यात त्याला एकही रकाना नव्हता. आम्ही पात्राला दोनच अवस्था दिल्या होत्या : ऐकणं आणि बोलणं. ऐकणं म्हणजे मायक्रोफोन चालू ठेवून थांबणं. मुलाचं बोलणं पूर्ण संपल्याची खात्री झाली की ते अक्षरात उतरवायचं, मग अर्थ, मग उत्तर, मग आवाज, मग ओठ. या साखळीला मिळून जवळजवळ दोन सेकंद जायचे. माणसांच्या गप्पांत ही फट किती असते? तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगातल्या दहा भाषा तपासल्या, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचा सर्वसाधारण अवधी सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. त्या दहांत मराठी नाही, पण आपल्या ओटीवर किंवा एसटीत बसून नुसता कान दिला तरी कळेल की आपण काही त्याहून सावकाश नाही. अशा माणसापुढे दोन सेकंद हसऱ्या चेहऱ्याने गप्प राहणारं पात्र बुडत्या होडीवर उभं करणं ही आमची चूक होती.

इंग्रजीत या हुंकाराला नाव मिळालं ते व्हिक्टर इंग्वे या भाषाशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दिलेलं 'बॅकचॅनेल'. पण मला सगळ्यात लागलं ते कॅनडातल्या जॅनेट बावेलास आणि सहकाऱ्यांचं २००० सालचं काम. त्यांनी लोकांना आपल्यावर गुदरता गुदरता राहिलेल्या संकटाची गोष्ट सांगायला लावली. ऐकणाऱ्यांपैकी काहींना गुपचूप दुसरंच काम दिलं होतं : 'टी' अक्षराने सुरू होणारे शब्द मोजा. मोजणारा माणूस समोर बसूनही मनाने तिथे नसतो. सांगणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांच्या गोष्टी बिघडल्या. शेवट तर हमखास फसला, ऐन संकटाच्या जागी. म्हणजे गोष्ट चांगली सांगणं हे निम्मं ऐकणाऱ्याच्या हातात असतं. आमचा तांडेल मुलांना शिकवत नव्हता. तो त्यांचं सांगणं बिघडवत होता. आणि वर आम्ही त्यांना गुण देत होतो, 'निरोप अस्पष्ट' म्हणून. त्या गुणपत्रिका मी नंतर बाजूला काढल्या आणि कुणालाही दाखवल्या नाहीत.

दशावतारी

हुंकार द्यायचा हे ठरलं. कसा द्यायचा, हे आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. पहिला प्रयत्न म्हणून तांडेलाला ठरावीक अंतराने मान हलवायला आणि 'हं' म्हणायला लावलं. ते ऐकवत नव्हतं. चुकीच्या जागचा हुंकार गप्प राहण्यापेक्षा वाईट : मुलगा वाक्याच्या मध्यात असताना 'हं' आला की तो दचकून थांबायचा.

मग काका एका संध्याकाळी एका ज्येष्ठ दशावतारी कलाकाराला घेऊन आले. पावसाळ्यात दशावतारी मोकळे असतात. त्यांचा हंगाम कार्तिकातल्या जत्रांपासून. हा खेळ बाहेरच्या वाचकाने पाहिला नसेल तर एवढं सांगायला हवं की त्यात संवादांची वही नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि पखवाज, झांज, पायपेटी सुरू झाली की संवाद जागेवर जन्माला येतात, पहाटेपर्यंत. समोरचा कुठे थांबणार हे आधी ठाऊक नसताना त्याचं बोलणं पकडायचं, हा त्या माणसाचा जन्मभराचा धंदा.

त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी आमच्या तांडेलाकडे मिनिटभर पाहिलं. हसले नाहीत. म्हणाले, "ह्येचा सोंग बोलताना चालू होता, दुसरो बोलाक लागलो की बंद पडता. सोंग ऐकताना दिसाक व्हया."

मग बाकावर बसले, राजा झाले, आणि एका खलाशाला दूत केलं. "सांग, शत्रू खय आसा?" मुलगा सांगू लागला आणि आबांनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं. मुलाने 'डोंगरापलीकडे' म्हटलं तसे आबांचे डोळे सभागृहाच्या त्या कोपऱ्याकडे गेले आणि तिथेच राहिले, जणू भिंतीपलीकडे सैन्य दिसतंय. मुलगा आपोआप त्या कोपऱ्याकडे हात करून बोलायला लागला. त्याचा आवाज चढला. मधेमधे आबांचा 'हं' येत होता, पण प्रत्येक वेळी वेगळा. छोटा, वर चढणारा : पुढे बोल. सपाट, तुटक : हे कळलं, पुढचं सांग. लांबवलेला 'हंऽऽ' : हे मला पटत नाहीये. नाकातला 'अं?' : ऐकू आलं नाही. आणि एकदा मुलगा म्हणाला, "पाचशे घोडे," तेव्हा आबा काहीच बोलले नाहीत; त्यांचा मांडीवरचा हात फक्त उघडला आणि पुन्हा मिटला. सभागृहातली सगळी पोरं पुढे वाकली होती.

मला तेव्हा स्टीव्ह आठवला, पाय नसलेला, झडपेकडे बघणारा. नजर म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत बघणं नव्हे. तो ज्याबद्दल बोलतोय तिकडे आपणही बघणं, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही.

काय बदललं

बावेलास यांनी ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सर्वसाधारण : 'हं', मान हलवणं, जो कुठल्याही गोष्टीत चालतो. दुसरा नेमका : त्याच गोष्टीच्या त्याच क्षणाला लागू पडणारा, जसा आबांचा उघडलेला हात. आम्ही तांडेलाचं ऐकणं या दोन थरांत फोडलं.

पहिल्या थराला शब्द कळायची गरजच नाही. त्याने फक्त आवाज ऐकायचा. नायजेल वॉर्ड आणि वातारू त्सुकाहारा यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की इंग्रजी आणि जपानी बोलण्यात सांगणाऱ्याचा सूर खाली उतरून शंभरेक मिलिसेकंद तिथे राहिला की ती हुंकाराची जागा असते. काकांनी बोट टेकवलेल्या जागा आम्ही एकेक करून तपासल्या, आणि मालवणीतही बऱ्याच ठिकाणी तेच दिसलं, विशेषतः क्रियापदाच्या शेवटी. हा थर उत्तर तयार करणाऱ्या साखळीपासून पूर्ण तोडला आणि हेडसेटवरच चालवला, म्हणजे त्याला कुणाची वाट बघावी लागू नये. हुंकार काकांच्या आवाजात, त्यांच्या परवानगीने, ध्वनिमुद्रित केले. तयार आवाजातला 'हं' हा शब्द वाचल्यासारखा येतो. हुंकार हा शब्द नाहीच.

दुसरा थर सावकाश. 'पाणी', 'मागसून', 'इंजिन', 'धूर' असे मोजके शब्द ऐकताक्षणी पकडायचे आणि तांडेलाची नजर त्या जागी न्यायची. शब्द चुकला तर नजर चुकते, एवढंच. तोंडून चुकीचं काही जात नाही. हसू काढून टाकलं. चेहरा दमलेला, थोडा मिटलेला ठेवला, जसा काम करणाऱ्या माणसाचा असतो.

याच टप्प्यावर मानेचा घोटाळा सापडला, आणि तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. हेडसेट डोक्याचं तीन प्रकारचं फिरणं मोजतो : खाली-वर, डावी-उजवीकडे वळणं, आणि कान खांद्याकडे झुकणं. आमच्या साच्यात खाली-वर म्हणजे होकार आणि आडवं काहीही हललं की नकार. आपली माणसं 'बरं, ठीक' म्हणताना मान डोलावतात, कान खांद्याकडे झुकवतात. तांडेल विचारी, "जॅकेट घातलंस?" मुलगा मान डोलावी, आणि तांडेल त्यालाच पुन्हा बजावी, "आधी जॅकेट घाल." जॅकेट अंगावर असलेल्या पोराला. झुकणं आणि वळणं वेगळं मोजायला लावलं तेव्हा ही कटकट मिटली. तांडेलाची स्वतःची मानही मग डोलायला शिकवली.

ऑगस्ट उजाडायच्या आत मुलं तांडेलाशी सलग बोलू लागली. तेच ते पुन्हा सांगणं जवळजवळ थांबलं. एक मुलगा तर इंजिनाबद्दल तांडेलाशी भांडला, आणि आम्हाला फार आनंद झाला.

मग रेडिओवर फसलो

होडीतलं सांगणं सुधारलं तशी रेडिओवरची वेळ बिघडली. मुलं बटण दाबून 'मेडे मेडे मेडे' म्हणत, होडीचं नाव सांगत, आणि थांबत. बटण दाबलेलंच.

कारण समजायला वेळ लागला नाही. ते आम्हीच शिकवलं होतं. ती हुंकाराची वाट बघत होती. व्हीएचएफवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बटण दाबलेलं असेपर्यंत तुम्हाला काहीही ऐकू येत नाही, आणि जवळपासच्या होड्यांनाही त्या चॅनेलवर दुसरं कुणी ऐकू येत नाही. तिथे हुंकाराला वाटच नाही. सगळा निरोप भिंतीला सांगितल्यासारखा एका दमात सांगायचा, 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, आणि मग कान द्यायचा. आजीच्या काणीच्या बरोबर उलटं.

आता रेडिओ हातात घेतला की तांडेल पूर्ण गप्प होतो. त्याची नजर मुलाच्या अंगठ्यावर जाते, बटणावर. मुलगा थांबून बटण धरून राहिला की तांडेल भुवई उंचावून अंगठ्याकडे खुणावतो. बोलत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सरावात लागोपाठ येतात, आणि मुलांना फरक अंगानेच कळतो. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण फळ्यावर तो शिकवताच आला नसता.

काकांनी यावर एक जुनी तक्रार सांगितली. होड्यांवर इस्रोने विकसित केलेलं संकटसूचक यंत्र असतं, डॅट. बटण दाबलं की उपग्रहामार्गे इशारा नियंत्रण केंद्रात आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. पण जुन्या यंत्रात परत काहीच यायचं नाही. इशारा पोचला की नाही, कुणाला कळलं की नाही, होडीवरच्याला ठाऊक नाही. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने याची सुधारित दुसरी पिढी पुढे आणली. तिच्यात इशारा मिळाल्याची पोच होडीवर परत येते. काका म्हणाले, "हुंकार दिलो म्हणजे." आमच्या आभासी होडीवरही आता दोन्ही यंत्रं आहेत, कारण किनाऱ्यावर दोन्ही असू शकतात. जुन्याचं बटण दाबून काहीच परत न येता पुढची कामं करत राहणं, हाही वेगळा धडा आहे.

जे पूर्ण सुटलं नाही

जुलैच्या अखेरीस एक मुलगा ठरलेल्या प्रसंगातून बाहेर गेला. तांडेलाने विचारलं, "किती माणसा आसत?" आणि त्याने खऱ्या होडीबद्दल, आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगायला सुरुवात केली, जो परत आला नव्हता. आवाज खाली उतरत होता, रेंगाळत होता. आणि प्रत्येक रेंगाळण्यावर आमचा तांडेल काकांच्या आवाजात 'हं' म्हणत होता, अचूक जागी.

आम्ही पडद्यासमोर गोठलो होतो. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा साधा संवादी प्रोग्राम लिहिला तेव्हा त्यांच्याच सचिवाने, जिने तो घडताना महिनोन्महिने पाहिला होता, त्याच्याशी चार वाक्यं बोलल्यावर वायझेनबॉमना खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. त्या धक्क्यातून ते आयुष्यभर बाहेर आले नाहीत. एलायझाला चेहरा नव्हता, आवाज नव्हता. आमच्या तांडेलाला दोन्ही होते, आणि शिवाय हुंकार होता. हुंकार म्हणजे 'मी इथे आहे' असं सांगणं. ते सांगायला तिथे कुणी नव्हतं.

काका उठले आणि चालत गेले. हेडसेट काढायला सांगितलं नाही. मुलाच्या शेजारी उभे राहिले आणि खांद्यावर हात ठेवला. मुलाने स्वतःच हेडसेट काढला.

त्या सत्राची नोंद आम्ही पुसली. नंतर दोन दिवस वाद झाला. हुंकार काढून टाकावा का? मी काढायच्या बाजूने होतो. आबा आणि काका, दोघेही नको म्हणाले. रेडिओवर बोलायला शिकणारी पोरं त्याच्यामुळेच बोलती झाली होती. शेवटी असं ठरलं की मुलगा प्रसंगाबाहेरचं बोलू लागला, होडीवर नसलेल्या माणसाचं नाव घेऊ लागला, तर तांडेल एकच वाक्य बोलेल, तेही काकांनी सांगितलेलं : "बाळा, मी यंत्र आसय. काकांका बोलयतंय." आणि बाहेर दिवा लागेल. यंत्रणा ही जागा दर वेळी ओळखेलच असं नाही, म्हणून सराव चालू असताना एक माणूस पडद्यासमोर बसलेला असलाच पाहिजे, हा नियम केला. मुलांना पहिल्याच दिवशी हे सगळं सांगतो.

राहिला होता तो नजरेचा प्रश्न. काका येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात तांडेलाने कुठे बघायचं? मुलाकडे बघत राहिला तर ते पुन्हा तेच खोटं. पाठ फिरवली तर क्रूर. आबांनी हेडसेट लावून ती जागा तीनदा बघितली आणि करून दाखवलं. आता तांडेल नजर खाली घालतो, पायाशी पडलेला दोर उचलतो आणि त्याचं वेटोळं करत बसतो. हुंकार देत नाही. काका बाक ओढून शेजारी बसेपर्यंत तो दोर गुंडाळत असतो.